पोर कट्टर गटाच्या नादी लागलं तर: घरच्यांसाठी आणि बाहेर पडू पाहणाऱ्यांसाठी

कट्टर गटांमधून बाहेर पडलेल्या माणसांच्या मुलाखती ओळीने वाचत गेलं की एक गोष्ट सतत समोर येते. वादात हरला म्हणून बाहेर पडला, असा माणूस क्वचितच सापडतो. आधी एखाद्या नेत्याचा खोटेपणा डोळ्यांदेखत उघडा पडतो, किंवा सोबत्यांनी सोबत्यालाच झोडपलेलं दिसतं. मग रोजच्या संशयाचा आणि आपसातल्या चढाओढीचा वीट येतो. दरम्यान बाहेरचं एखादं नातं, एखादं काम त्याला ओढू लागतं आणि एक दिवस तो उठून येतो. विचार सगळ्यात शेवटी सुटतात, काहींचे तर बाहेर पडल्यावर कित्येक महिन्यांनी.

घरचे नेमकी उलट्या टोकाने सुरुवात करतात. पहिल्याच दिवशी विचारांवर तुटून पडतात. "हे कसलं खूळ डोक्यात घेतलंस?" या वाक्याने सुरू झालेलं भांडण कुठे जातं ते सांगायला नको. गटाने त्याला आधीच बजावून ठेवलेलं असतं की घरचे असंच बोलतील, त्यांना काही कळत नाही. तुम्ही तसंच बोललात की गटाचं भाकीत खरं ठरतं.

तेव्हा हा लेख क्रम सुलटा करण्यासाठी आहे: आधी माणूस, मग त्याचं जगणं, विचार नंतर. गट धर्माच्या नावाचा असो, वंशाच्या, राष्ट्राच्या, क्रांतीच्या किंवा बायकांच्या द्वेषावर पोसलेला, ओढून नेण्याची आणि सुटण्याची रीत बरीचशी सारखीच असते. सोयीसाठी "तो" लिहिलंय. मुलीही जातात, आणि त्यांचं उशिरा ध्यानात येतं, कारण गप्प गप्प राहणारी मुलगी घरात कुणाला खटकत नाही.

पहिलं काम: मत टोकाचं आहे की माणूस अडकत चाललाय, हे ओळखा

सोळा ते बाविसाव्या वर्षी टोकाची मतं असणं हा आजार नाही. पोरगं मोर्चाला गेलं, देवधर्म करू लागलं, देवधर्म सोडून बसलं, सरकारवर चिडलं, तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ब्रिटनमध्ये २०१५ पासून शाळांवर कायद्याने जबाबदारी आली की कट्टरतेकडे झुकणारं मूल दिसलं तर कळवायचं. त्यानंतर आलेल्या नोंदींपैकी बहुतेक विशेष मदत कार्यक्रमापर्यंत पोहोचल्याच नाहीत, आणि निष्पाप मुलांवर शिक्का बसतो म्हणून या व्यवस्थेवर सडकून टीकाही झाली. ऊठसूट संशय घेतला की मूल आणखी दूर जातं.

कपडे, दाढी, केस, गाणी यांच्यावर फार वेळ घालवू नका. बदल पाहायचा तो नात्यांमध्ये आणि भाषेत. जुने मित्र एकेक करून गळतायत का? क्रिकेट, गिटार, चित्रं, जे काही त्याचं होतं ते सुटलंय का? प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर आणि प्रत्येक दुखण्याला एकच गुन्हेगार, असं बोलणं सुरू झालंय का? तो जी वाक्यं बोलतो ती त्याच्या वयाची, त्याच्या तोंडची वाटतात की कुणीतरी पढवलेली? एखाद्या समूहातल्या माणसांना किडे, रोग, घाण असे शब्द वापरू लागला असेल तर ते नुसतं मत राहिलेलं नाही. "वेळ संपत चाललीय, आता काहीतरी केलंच पाहिजे" ही घाई त्याहून गंभीर.

साधी वही घ्या आणि तारीख घालून लिहा: काय दिसलं, काय ऐकलं, त्याच्याच शब्दांत. "फार बिघडलाय" असं लिहू नका. "मंगळवारी रात्री जेवताना म्हणाला, त्या लोकांना मारल्याशिवाय काही बदलणार नाही" असं लिहा. दोन-तीन आठवड्यांनी वही उलटून पाहिली की तुमची भीती उगाच होती की खरंच काही पाणी मुरतंय, याचा अंदाज येतो. पुढे समुपदेशकाकडे जायची वेळ आली तर हीच वही सगळ्यात जास्त कामाला येते. ती कपाटात कुलपात ठेवा. त्याच्या हाती लागली तर तुमच्यावरचा उरलासुरला विश्वास गेला म्हणून समजा.

दुसरं काम: तिथे त्याला काय मिळतं ते शोधा

भरती करणारा पहिल्या भेटीत विचारधारा सांगत बसत नाही. तो आधी ऐकून घेतो. नापास झालेल्याला, प्रेमभंग झालेल्याला, शाळेत मार खाल्लेल्याला, घरात कुणी विचारत नसलेल्याला रात्री दोन वाजताही उत्तर देणारं कुणीतरी भेटतं. ऑनलाइन हे आणखी सोपं आहे. गेमच्या व्हॉइस चॅटवर ओळख होते, मग मीम येतात, थोडी चावट, थोडी विखारी. कुणी हरकत घेतली की "अरे, विनोद आहे" म्हणायची सोय असते. जो हसतो त्याला छोट्या खाजगी ग्रुपमध्ये घेतात. तिथे टोपणनाव मिळतं, पोस्टर बनवायचं किंवा नवीन मुलांशी बोलायचं काम मिळतं, शाबासकी मिळते. जो मुलगा वर्गात शेवटच्या बाकावर होता, तो इथे "आपला माणूस" असतो.

मानसशास्त्रज्ञ आरी क्रुग्लान्स्की यांनी या मागे असलेल्या ओढीला महत्त्व मिळवण्याची धडपड म्हटलंय: आपल्या असण्याला काही किंमत आहे असं वाटण्याची भूक. अपमान झाला, काही हातून गेलं, की ही भूक वाढते. मग एक गोष्ट लागते जी सांगते की तुझ्या अपमानाला अमुक लोक जबाबदार आहेत, आणि एक कळप लागतो जो त्या गोष्टीवर विश्वास ठेवतो. भूक, गोष्ट आणि कळप एकत्र आले की माणूस वेगाने घसरतो. घरच्यांच्या हातात यातली गोष्ट सगळ्यात कमी असते, भूक सगळ्यात जास्त.

म्हणून कागदावर दोन रकाने करा. डावीकडे लिहा, गटात त्याला काय मिळतं: मित्र, दरारा, काम, शिस्त, रागाला वाट, मुलगी पटेल ही आशा, कंटाळ्यातून सुटका. उजवीकडे लिहा, हे त्याला दुसरीकडे कुठे मिळू शकेल, आणि कुणाकडून. उजवा रकाना कोरा राहिला तर तुमचं खरं काम तो भरण्याचं आहे. आणि हो, "अभ्यासात लक्ष घालावं" हे उजव्या रकान्यात लिहू नका. त्याने कुणाची भूक भागत नाही.

तिसरं काम: बोलणं चालू ठेवा, आणि बोलायचं कसं ते शिका

सगळ्यात जास्त चुका इथे होतात म्हणून इथे जरा थांबू.

जॅक ब्रेम या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये मांडलेली गोष्ट प्रत्येक आई-बापाने अनुभवलेली असते: माणसाचं स्वातंत्र्य कुणी हिरावतंय असं वाटलं की तो तीच गोष्ट आणखी घट्ट धरून ठेवतो. "त्या पोरांशी बोलायचं नाही" म्हटलं की त्या पोरांचं मोल वाढतं. फोन हिसकावून घेतला की दुसरा फोन येतो, आणि तो तुम्हाला माहीत नसलेला असतो. लहान मुलाच्या फोनवर मर्यादा घालणं पालकांचा हक्क आहे, तो बजावाच, पण आधी सांगून, कारण देऊन. विशीतल्या पोराच्या बाबतीत ते हत्यार चालत नाही.

आता जेवणाच्या वेळचा एक प्रसंग घ्या. तो म्हणतो, "आई, तुला काही माहिती नाही. सगळी न्यूज विकलेली आहे. हे लोक आपल्याला संपवायला निघालेत."

सहज तोंडात येणारं उत्तर: "काहीतरीच बोलू नकोस. कोण शिकवतं तुला हे? बाबांना कळलं तर बघ." संभाषण संपलं. तो ताट उचलून खोलीत जाईल आणि दहा मिनिटांत ग्रुपवर सांगेल, आई पण त्यांच्यातलीच निघाली.

दुसरी रीत:

"संपवायला म्हणजे? तुला स्वतःला कधी तसं वाटलं का, की कुणीतरी सांगितलं?"

"सगळ्यांनाच दिसतंय."

"मला नाही दिसत रे, म्हणून विचारतेय. तुझ्या बाबतीत काय झालं?"

"...कॉलेजात त्या दिवशी सगळ्यांसमोर माझा पोपट केला त्याने."

"हे तू मला सांगितलंच नव्हतंस. काय झालं नेमकं?"

इथे आईने एकही मुद्दा खोडला नाही, मान्यही केला नाही. "हे लोक" वरून ती "तुझ्या बाबतीत" वर आली आणि खाली दडलेला अपमान वर आला. त्यावर बोलता येतं. व्यसनमुक्तीत काम करणाऱ्या विल्यम मिलर आणि स्टीफन रोल्निक यांनी संभाषणाची जी पद्धत रुजवली, तिचा गाभा हाच आहे: मोकळे प्रश्न विचारा, त्याचं म्हणणं त्यालाच ऐकवा, आणि बदलाचं कारण त्याच्या तोंडून येऊ द्या. "तुला तिथलं काय आवडतं?" हा प्रश्न बेधडक विचारा. त्याचं उत्तर मिळालं की पुढचा प्रश्न आपोआप जमतो: "आणि काय खटकतं?"

याचा अर्थ द्वेष ऐकून मान डोलवायची असा नाही. एकदाच, आवाज न चढवता, स्पष्ट सांगा: "माणसांना मारण्याची भाषा मला पटत नाही, आणि या घरात ती मी ऐकून घेणार नाही. पण तू मला हवायस, आणि तुझं बाकी सगळं मी ऐकेन." हे दररोज घोकू नका.

मुद्द्यावर वाद घालायचाच असेल तर त्याच्या चौकटीत शिरून घाला. अमेरिकेतल्या वेस्टबोरो या समलिंगींचा जाहीर द्वेष करणाऱ्या चर्चमध्ये वाढलेल्या मेगन फेल्प्स-रोपर सोशल मीडियावर चर्चच्या वतीने भांडायच्या. तिथे भेटलेल्या एका ज्यू ब्लॉगरने त्यांना चर्चच्याच घोषणांमधली विसंगती बायबलचाच आधार घेऊन दाखवली. त्या लगेच बदलल्या नाहीत, पण ती घोषणा लिहिलेला फलक हातात धरणं त्यांनी बंद केलं. पुढे नोव्हेंबर २०१२ मध्ये त्या बहिणीसोबत बाहेर पडल्या. बाहेरून आणलेली आकडेवारी त्यांच्यावर आदळली असती तर ती भिंतीवर आपटून परत आली असती.

डेरेक ब्लॅक यांची हकिगत आणखी बोलकी आहे. वडील अमेरिकेतल्या मोठ्या वर्णद्वेषी संकेतस्थळाचे संस्थापक, आणि डेरेक त्या चळवळीचे वारस मानले जात. कॉलेजात हे उघड झाल्यावर बऱ्याच जणांनी बहिष्कार घातला. एका ज्यू विद्यार्थ्याने मात्र त्यांना शुक्रवारच्या शब्बाथच्या (ज्यूंच्या आठवड्याच्या पवित्र विश्रांतीच्या दिवसाच्या) जेवणाला बोलावलं, आणि पुन्हा पुन्हा बोलावत राहिला. त्या टेबलावर विचारसरणीचा विषय तो मुद्दाम काढत नसे. त्याच मंडळींतली एक मैत्रीण मात्र पुढे डेरेकशी अभ्यास दाखवून, मुद्दा धरून वाद घालत राहिली. २०१३ मध्ये डेरेक यांनी जाहीर पत्र लिहून चळवळीशी संबंध तोडला. ही गोष्ट "प्रेमाने सगळं जिंकता येतं" अशा गोड वेष्टनात सांगितली जाते, ते मला पटत नाही. जेवणांमुळे ऐकून घेण्याची जागा तयार झाली आणि वादामुळे विचार हलला. दोन्ही लागलं, आणि दोन वेगळ्या माणसांनी केलं.

एक तांत्रिक सूचना: समोरासमोर बसून "आपल्याला बोलायचंय" म्हणू नका. गाडीत, भाजी निवडताना, चालताना बोला. नजरेला नजर द्यावी लागली नाही की तोंड उघडतं.

चौथं काम: बोलणारं माणूस एकच ठेवा

घरात आई रडते, बाबा ओरडतात, आजोबा इतिहास सांगतात, काका धमकावतात आणि मावशी कुठल्याशा महाराजांचा व्हिडिओ पाठवते. पोराला कोर्टात उभं केल्यासारखं वाटतं. एकाला निवडा. ते आई-बाबांपैकीच असावं असं नाही. मोठी ताई, मामा, जुना प्रशिक्षक, आवडत्या बाई, लहानपणचा मित्र, ज्याच्याशी तो अजून मोकळा आहे तो चालेल. बाकीच्यांनी या विषयावर गप्प बसायचं आणि घर नेहमीसारखं ठेवायचं: वाढदिवस, दवाखाना, भावाची मॅच, सगळ्यात त्याला धरायचं. हे "काहीच न करणं" वाटतं, पण घर हे परतण्याचं ठिकाण म्हणून शाबूत ठेवणं हे मोठंच काम आहे.

वडिलांसाठी खास: "या घरात पुन्हा पाय ठेवू नकोस" हे वाक्य कितीही संतापात असलात तरी गिळा. बाहेर पडायची वेळ आली की माणूस मनातल्या मनात घरांची यादी करतो. त्या यादीतून तुमचं नाव कटू देऊ नका.

आणि निवडलेल्या माणसालाही आधार लागतो. नॉर्वेत १९९० च्या दशकात अशा मुलांच्या पालकांचे गट सुरू झाले. लाज आणि अपराधीपणा वाटून घेतला की माणूस चिडून चुकीचं बोलत नाही, एवढा साधा त्यामागचा हिशेब.

धोका दिसला तर थांबायचं नाही

इथवरचं सगळं धीराचं काम आहे. हा भाग मात्र वेगळा. नेमकं माणूस, जागा किंवा दिवस यांचा उल्लेख, हत्यार किंवा रसायनं गोळा करणं, निरोप घेतल्यासारखं वागणं, वस्तू वाटून टाकणं, अचानक प्रवासाची तयारी, पासपोर्ट गायब, यातलं काही दिसलं तर संवाद, समुपदेशन वगैरे बाजूला ठेवून त्याच दिवशी पोलिसांशी बोला. जमल्यास आधी वकिलाला फोन करा, पण त्यासाठी थांबू नका.

"माझा मुलगा असं करणारच नाही" या विश्वासावर विसंबू नका. एकट्याने हल्ला करणाऱ्या किंवा तसा कट रचणाऱ्या ११९ जणांची माहिती तपासणारा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे ६४ टक्के प्रकरणांत घरच्यांना किंवा मित्रांना इराद्याची कल्पना होती, कारण त्याने स्वतःच ते बोलून दाखवलं होतं. मित्रांना तर बहुधा घरच्यांआधी कळतं आणि मैत्री तुटेल, आपणही अडकू, या भीतीने ते गप्प बसतात. तुम्ही मित्र असाल तर ज्याच्यावर भरवसा आहे अशा एका मोठ्या माणसाला सांगा.

पाचवं काम: मदत कुठली घ्यायची

असे गट सोडणाऱ्यांसाठी काम करणाऱ्या संस्था आता बऱ्याच देशांत आहेत. नॉर्वेत एक्झिट हा उपक्रम १९९७ मध्ये सुरू झाला. पुढच्या वर्षी स्वीडनमध्ये केंट लिंडाल या माजी नवनाझीने तसंच काम सुरू केलं. जर्मनीत २००० मध्ये एक्झिट-डॉइचलँड उभी राहिली, तिच्या संस्थापकांत बर्न्ड वाग्नर हे माजी पोलीस अधिकारी आणि इंगो हासेलबाख हे माजी नवनाझी नेते होते. डेन्मार्कमधल्या ऑर्हुस शहरात पोलीस आणि पालिका मिळून मार्गदर्शक, घर, शिक्षण, पालकांचा गट असं सगळं एकत्र पुरवतात. २०१३ मध्ये त्या शहरातून तीसेक तरुण सीरियातल्या युद्धात सामील व्हायला गेले होते, पुढल्या वर्षी हा आकडा एक-दोनवर आला. सगळं श्रेय कार्यक्रमाला देता येणार नाही, पण परत आलेल्याला आधी खोली आणि कॉलेजची जागा मिळवून द्यायची आणि विचारांवर नंतर बोलायचं, हा त्यांचा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे.

एक्झिट-डॉइचलँडची एक युक्ती इथे सांगितलीच पाहिजे. २०११ मध्ये गेरा इथल्या नवनाझींच्या संगीत महोत्सवात २५० टी-शर्ट फुकट वाटले गेले. वर कवटी, झेंडे आणि बंडखोरीची घोषणा. पोरांनी हौसेने नेले. घरी जाऊन धुतल्यावर ती छपाई निघून गेली आणि खालून मजकूर आला: तुझ्या टी-शर्टला जमतं ते तुलाही जमेल, कट्टर उजव्या गटातून सुटायला आम्ही मदत करू. दुसऱ्या दिवशी कुणी रांग लावून आलं नाही, पण संस्थेचं नाव आत पोहोचलं. ज्याला अजून बाहेर पडायचं नाही त्याच्याही कानावर घालून ठेवायचं असतं की रस्ता आहे. घरचेही हे करू शकतात: "तुला कधी वाटलं तर अमुक ठिकाणी बोलता येतं" इतकं एकदा सहज सांगून विषय सोडून द्यायचा.

जवळपास अशी खास संस्था नसेल तर किशोरवयीन मुलांसोबत काम करणारा मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक किंवा समाजसेवक शोधा. पहिल्या भेटीत तीन गोष्टी विचारून घ्या: तुम्ही काय गुप्त ठेवता आणि काय पोलिसांना कळवणं तुम्हाला बंधनकारक आहे? मुलगा आला नाही तर फक्त आम्हाला भेटाल का? व्यसन, नैराश्य, ऑटिझम अशा गोष्टी असतील तर त्या ओळखता येतील का? मुलगा येईपर्यंत थांबायची गरज नसते, पालकांशी केलेल्या कामानेही फरक पडतो. "दोन बैठकांत डोकं साफ करून देतो" म्हणणाऱ्याच्या दारावरून परत फिरा. धर्माचा जाणकार उपयोगी पडतो, पण मुलाने स्वतः प्रश्न विचारायला सुरुवात केल्यावर.

तुम्ही स्वतः आत असाल आणि निघायचं ठरवलं असेल

इथून पुढचं थेट तुमच्याशी.

जाहीर करू नका. "मी सोडतोय, तुम्ही सगळे चुकताय" असा मेसेज टाकायचा मोह होईल. टाकू नका. शेवटची भेट, निरोपाची बैठक, "समोर येऊन सांग" अशी बोलावणी, कशालाच जाऊ नका. तुम्ही कडेकडेने असाल तर हळूहळू विरळ होणं सगळ्यात सुरक्षित: कामाची पाळी बदलली, परीक्षा आहे, घरी आजारपण आहे. पण तुमच्याकडे पद, पैसे, नावं किंवा गुपितं असतील तर विरळ होणं जमत नाही. तिथे एका झटक्यात निघावं लागतं, आणि राहायची जागा, फोन नंबर, वकील हे निघण्याआधी तयार लागतं.

बाहेरचं एक माणूस आधी गाठा. एकच पुरे. ज्याला तुम्ही दुखावलंत असा जुना मित्रही चालतो. "माझं चुकलं" इतकं म्हणालात की बहुतेक जण दार उघडतात.

मग काय काय अडकलंय याचा हिशेब लावा. मूळ कागदपत्रं कुणाकडे आहेत? खोली कुणाच्या नावावर? उसने पैसे? कागदपत्रं सगळ्यात आधी ताब्यात घ्या, काहीतरी फॉर्म भरायचाय असं निमित्त करून. डिजिटल बाजू याच क्रमाने सोडवा: गटातल्या कुणाचा हात न लागलेल्या फोनवरून किंवा संगणकावरून आधी ईमेलचा पासवर्ड बदला, कारण बाकी सगळ्या खात्यांच्या किल्ल्या तिथेच असतात. मग दुहेरी पडताळणी चालू करा, कुठल्या कुठल्या उपकरणांवर खातं उघडं आहे ते पाहून सगळी बंद करा, लोकेशन शेअरिंग काढा, मग बाकीची खाती. ग्रुप मात्र लगेच सोडू नका. आधी नोटिफिकेशन बंद करा आणि नंतर शांतपणे निघा.

तुमच्या हातून गुन्हा घडला असेल, किंवा तुम्ही पाहिला असेल, तर आधी वकील. घाबरून चॅट, फाइली पुसू नका, त्याने तुमचीच बाजू लंगडी होते. समुपदेशकाला सविस्तर सांगण्याआधीही त्याच्यावर कायद्याचं काय बंधन आहे ते विचारा.

तुमचे फोटो, व्हिडिओ, ओळखपत्राची प्रत त्यांच्याकडे असेल आणि धमकी आली तर पैसे देऊ नका, "एकच काम कर" हेही ऐकू नका, कारण दुसरं काम तयारच असतं. स्क्रीनशॉट काढा, तारखेसह जपा, घरच्यांना स्वतःहून सांगून टाका. घरच्यांना कळलेलं गुपित धमकीच्या कामाचं राहत नाही.

सुटल्यानंतरचं वर्ष

आता पुन्हा घरच्यांशी. घरच्यांना वाटतं, आला, सुटलो. त्याला वाटतं, आता मी कोण? गटाने त्याचे सगळे तास भरलेले होते. रात्री दहा ते दोन ही वेळ सगळ्यात वाईट जाते. तेव्हा जुना ग्रुप उघडून "नुसतं बघू" असं वाटतंच. या तासांसाठी आधीच काहीतरी ठरवा, आणि ते शरीर दमवणारं किंवा माणसांत नेणारं असेल तर उत्तम. रात्रपाळीची नोकरीसुद्धा चालते.

मानसशास्त्रज्ञ जॉन हॉर्गन यांनी ठामपणे मांडलंय की गट सोडणं आणि विचार सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी घडेलच असं नाही. पहिल्या महिन्यात त्याने सगळं नाकारावं असा आग्रह धरू नका. हिंसा थांबली, माणसांशी बोलतोय, कामाला जातोय, एवढं आधी घट्ट होऊ द्या. अमेरिकेतल्या ८९ माजी वर्णद्वेष्ट्यांच्या मुलाखतींवर आधारलेलं एक संशोधन २०१७ मध्ये आलं. मनापासून सोडून दिलेल्यांच्याही डोक्यात जुने विचार आणि जुना राग नको असताना उसळी घेतो, असं त्यात दिसलं. भर रस्त्यात कुणीतरी धक्का दिला आणि तोंडून जुनी शिवी निघाली, तर ती परत घसरल्याची खूण समजू नका. त्याने ती स्वतः ओळखली का, हे पाहा.

दुसरा खड्डा म्हणजे झेंडा बदलणं. हॉर्स्ट माहलर हे पश्चिम जर्मनीतल्या जहाल डाव्या रेड आर्मी फॅक्शनच्या संस्थापकांपैकी एक. तेच पुढे २००० मध्ये कट्टर उजव्या पक्षात गेले आणि ज्यूंचा वंशसंहार नाकारल्याबद्दल तुरुंगात गेले. विचार पार उलटले, शत्रू शोधण्याची सवय तशीच राहिली. सुटलेलं पोर पंधरा दिवसांत दुसऱ्या कुठल्या कडव्या मंडळात तितक्याच आवेशाने शिरत असेल तर हुरळून जाऊ नका. त्यासाठी तो मागचा कागद पुन्हा काढा आणि उजवा रकाना वाचा.

सगळ्यांना सांगायचं का?

हा शेवटचा भाग बाहेर पडलेल्यासाठी. पत्रकार येतात, कॉलेजं भाषणाला बोलावतात. माजी सदस्याचं बोलणं इतरांना खरंच थोपवू शकतं, पण पहिल्या वर्षात नको. व्यासपीठावरच्या टाळ्या म्हणजे त्याच जुन्या भुकेला मिळालेलं नवं खाद्य, आणि एकदा नाव छापून आलं की ते पुसता येत नाही. जुने सोबतीही तेच नाव शोधत असतात.

ज्यांना इजा केली त्यांची माफी मागायची इच्छा होते, आणि ती रास्त आहे. पण थेट त्यांच्या दारात जाऊन उभं राहू नका. तुमचा चेहरा त्यांच्यासाठी अजून धोक्याचा असू शकतो. मधल्या माणसामार्फत विचारा, नको म्हणाले तर तिथेच थांबा.

धाकटं भावंड घरात असेल तर त्याच्याशी मात्र बोलावं लागतं. त्याने तुमचे व्हिडिओ पाहिलेत, तुमचा दरारा पाहिलाय, आणि बहुधा त्याला ते भारी वाटलंय. त्याला व्याख्यान देऊ नका. आत एका चुकीसाठी तुम्हाला कसं वागवलं, कुणाला कसं टाकून दिलं, ते घडलं तसं सांगा, आणि त्याला हवे ते प्रश्न विचारू द्या.

नोकरीच्या मुलाखतीत मधल्या रिकाम्या वर्षांबद्दल विचारतील. त्यासाठी एक-दोन वाक्यं आधीच तयार ठेवा, खोटी नकोत आणि सगळी कहाणीही नको: "त्या काळात मी चुकीच्या संगतीत होतो, त्यातून बाहेर पडलो, आणि गेल्या वर्षभरापासून हे काम शिकतोय." शिक्षा झालेली असेल आणि अर्जात थेट विचारलं असेल तर लपवू नका, पण काय सांगणं बंधनकारक आहे आणि काय नाही, ते वकिलाकडून आधी समजून घ्या. ही वाक्यं ताईसमोर किंवा मित्रासमोर चार-पाच वेळा मोठ्याने म्हणून पाहा, म्हणजे तिथे आवाज कापणार नाही.